हातावर ठेव

साळवे मिस्त्रींना पेढा भरवायचा प्रयत्न आमच्या गल्लीत नवीन आलेला प्रत्येक माणूस एकदा करायचा. एकदाच. पोराला नोकरी लागली, पोरीचं लग्न जमलं, दारात नवी गाडी आली की आपल्याकडे लोक पेढ्याचा बॉक्स घेऊन निघतात आणि समोरच्याच्या तोंडात पेढा कोंबून फोटो काढतात. मिस्त्रींच्या दारात असा कोणी आला की ते ओठ घट्ट मिटायचे, मान एका बाजूला वळवायचे आणि उजवा हात पुढे करायचे. "हातावर ठेव." समोरचा हट्टाला पेटला, "अहो मामा, आजच्या दिवस तरी," म्हणाला, तरी हात तसाच. पेढा हातावर आला की मात्र चेहरा खुलायचा. "बराबर केलं पोरानं. अभिनंदन." मग तो पेढा तिथंच उभ्या उभ्या, चवीनं, शेवटच्या कणापर्यंत खायचे.

मीही लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात हा प्रयोग करून तोंडावर पडले होते. पेढा नाकाजवळ नेला आणि मिस्त्रींनी मान फिरवली. घरी येऊन सांगितलं तर आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "तसलाच हाय तो. मिलमधून रिटायर झाला, पन फोरमनकी काय गेली न्हाई." गल्लीचं मत साधारण हेच होतं. माणूस चांगला, पण शिष्ट.

मिस्त्री आमच्या समोरच्या दोन खोल्यांत एकटेच राहायचे. बायको, मंदाबाई, माझ्या लग्नाच्या आधीच गेलेल्या. मुलगी नांदेडला. सगळी नोकरी एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये सळ्या ओढण्यात गेली, त्यामुळे जगातली प्रत्येक लांबट वस्तू त्यांना सळईच वाटायची आणि तिची जाडी ते एमएममध्ये सांगायचे. भाजीवाल्याच्या गाड्यावर भेंडी उचलून म्हणायचे, "ही बाराच्या वरची हाय, जून असंल. मला आठ एमएमची दे." दोडका पंचवीसचा, शेवग्याची शेंग सोळाची. भाजीवाला आधी चिडायचा, नंतर तोही इतर बायकांना आठ एमएमची भेंडी विकायला लागला.

सगळ्यातलं आपल्याला कळतं असा त्यांचा समज होता, आणि तो फारसा खरा नव्हता. पाऊस येणार म्हणाले की आम्ही बिनधास्त पापड वाळत घालायचो. आमचा मिक्सर त्यांनी एकदा दुरुस्त केला, तेव्हापासून तो एकाच वेगानं फिरतो, जीव घेऊन पळाल्यासारखा. पण बोलवलं आणि मिस्त्री आले नाहीत असं कधी झालं नाही. न बोलवताही यायचे.

तनूच्या उष्टावणाला मात्र रीतसर बोलवलं होतं. तनू माझी मुलगी, तेव्हा सहा महिने पूर्ण झालेले. परतूरहून माझा भाऊ चांदीचा चमचा घेऊन आला होता, कारण पहिला घास मामाच्या हातचा. खीर झाली, सगळे गोल बसले, मोबाईल वर झाले. दादानं चमचा पुढे नेला. तनूनं ओठ मिटले. दादानं पुन्हा नेला, तिनं मान फिरवली. तिसऱ्या वेळेस आत्यांनी तिचे गाल दाबले आणि खीर आत गेली, ती तितक्याच वेगानं दादाच्या नव्या शर्टावर परत आली. सगळे हसले. मीही हसले, तेव्हा काही वाटलं नाही.

मग जेवणं वाढली. मी तनूला मांडीवर घेऊन मिस्त्रींच्या शेजारी बसले होते. बोलता बोलता तनूचा हात गेला सरळ त्यांच्या ताटात, आणि बटाट्याच्या पिवळ्या भाजीतली एक फोड मुठीत घेऊन आली. मी ती सोडवायला लागले तर मिस्त्री म्हणाले, "तिचा हात, तिची फोड. कामून काढून घेऊन राह्यली?" तिखट होतं म्हणून काढून घेतली मी. पण तेवढ्यात तिनं मूठ तोंडाला लावून चोखली होती आणि डोळे मोठे करून ती माझ्याकडे बघत होती.

पुढचे दिवस आमच्या घरात चमच्याची लढाई चालली. मी बियाण्यांच्या एका कंपनीत आहे, नवीन जालन्यात. बी किती उगवतं ते तपासायचं, हे माझं काम. रजा महिनाअखेरीला संपत होती. प्रवीण, माझा नवरा, बदनापूरला बँकेत, रोज अपडाऊन. म्हणजे दिवसभर तनू आत्यांकडे. माझं दूध काढून ठेवता आलं असतं, पण नुसत्या त्याच्यावर आता भागणार नव्हतं, आणि तनू तर चमचा दिसला की तोंडाला कुलूप लावायची. आत्यांनी काय काय केलं नाही? चिऊचा घास, काऊचा घास, फिरता पंखा, मोबाईलवरची गाणी. एकदा प्रवीणला टॉवेल डोक्यावर घेऊन नाचायला लावलं. तनूनं नाच पूर्ण पाहिला, तोंड उघडलं नाही. ओठ मिटून मान एका बाजूला. हा चेहरा आपण कुठंतरी पाहिलाय असं मला सारखं वाटायचं, आठवायचं नाही.

दवाखान्यात वजन केलं तर मागच्या वेळेइतकंच. मी घरी येताना रिक्षात ठरवूनच टाकलं होतं की ती खात नसेल तर नोकरी सोडायची. दुसरा रस्ता दिसत नव्हता. ही नोकरी मला फार कष्टानं मिळालेली आणि फार आवडणारी. रिक्षात मला रडू आलं, ते रिक्षावाल्याला कळू नये म्हणून मी तनूच्या टोपीत तोंड घातलं.

डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या होत्या, चमचा थोडे दिवस बाजूला ठेवा. पोरगी टेकू न घेता बसते, वस्तू तोंडात नेते, म्हणजे तयार आहे. मऊ शिजवलेले लांबट तुकडे समोर ठेवा, तिचं तिला उचलू द्या. तोंडात तुम्ही काही घालू नका, आणि तिला एकटं सोडून उठू नका.

आत्यांना हे सांगितल्यावर त्या चुलीवरच्या, म्हणजे गॅसवरच्या, दुधाकडे बघत म्हणाल्या, "सहा महिन्याचं लेकरू सोताच्या हातानं जेवनार व्हय? मंग आपुन कशाला हाव घरात?" खरं तर त्यांना लागलं होतं. चार लेकरं त्यांनी हातानं भरवून वाढवली होती.

मिस्त्री त्या वेळी दारात मिक्सरचं भांडं घेऊन उभे होते. त्यांनी ऐकलं आणि काहीच बोलले नाहीत, हेच मुळात नवल. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला ते स्वतःचं ताट घेऊन आले. काखेत एक जुनी ताडपत्री. ती आमच्या पुढच्या खोलीत अंथरली, एका बाजूला स्वतः बसले, समोर तनूला बसवायला सांगितलं. मी गाजर उकडून ठेवलं होतं. बोटानं दाबलं की चेपलं पाहिजे, असं डॉक्टरीणबाईंचं मोजमाप. मिस्त्रींनी तनूचा हात आपल्या हातात घेऊन बोटं पाहिली, सुरी मागितली. "हिची मूठ बारीक हाय. तुकडा मुठीच्या वर निघाला पायजे. सोळा एमएम. आठची काडी दिली तर हातातच मोडंल."

तनूनं सोळा एमएमचं गाजर उचललं, ताडपत्रीवर आपटलं, कानाला लावलं, मिस्त्रींच्या धोतरावर फेकलं. मिस्त्री शांतपणे आपली भाकरी मोडून वरणात बुडवून खात होते. तिच्याकडे बघत नव्हते. मी बघत होते तर मला म्हणाले, "खानाऱ्याच्या तोंडाकडं बघू नये. तू तिकडं बघ." कुठे बघू ते कळेना म्हणून मी कॅलेंडर वाचत बसले. वाचता वाचता चोखल्याचा आवाज आला.

मग खोकल्याचा. तुकडा जरा मागे गेला होता, तनूचा चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. आत्या स्वयंपाकघरातून धावत आल्या, पाठीत धपाटा घालायला हात उचललेला. मी तो हात धरला. खोकते आहे, आवाज येतो आहे, तोवर थांबा, असं मला डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलेलं. मी थांबले. तनूनं तुकडा बाहेर ढकलला, त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा तोंडात घातला. मिस्त्रींकडे पाहिलं तर त्यांचा घास हातातच राहिलेला. "आज एवढं बास," म्हणाले आणि ताट घेऊन निघून गेले. त्यांचं अर्धं जेवण त्यात होतं.

पण दुसऱ्या दिवशी आले. तिसऱ्याही. लाल भोपळा, केळं, वरणात मऊ केलेली भाकरी. पोटात किती जात होतं देव जाणे, केसांत मात्र भरपूर. आत्या ताडपत्री पुसताना पुटपुटायच्या, आणि एका दुपारी त्यांचा धीर संपला. तनू भोपळा नुसता चिवडत होती. आत्यांनी वाटीत तो कुस्करला, चमचा भरला आणि मागून येऊन तिच्या तोंडात घालू लागल्या. तनूनं ओठ मिटले, मान फिरवली. तेव्हा मला एकदम आठवलं, हा चेहरा कुणाचा ते. मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते आत्यांच्या चमच्याकडे बघत होते.

"ताई, थांबा," ते म्हणाले. आत्यांना ते ताई म्हणायचे. "एक सांगू का? माझे हात भाजलेले तुमाला ठाऊक हाय."

हात आम्ही रोजच बघत होतो. दोन्ही तळवे चकचकीत, गुलाबी, रेषा नसलेले. मिलमध्ये कधीतरी भाजले, एवढंच गल्लीला माहीत.

"लाल सळईला मिलमधी कोनी हात लावत न्हाई. काळी पडली की ती थंड झाली असं नवशिक्याला वाटतं. ती तशीच गरम असती. हे मी पोरांना रोज बोंबलून सांगायचो. आन् एक दिवस आडवी पडलेली सळई मीच उचलली, दोन्ही हातानं. मिस्त्री असून." ते हसले, पण हसण्यात जोर नव्हता. "मंग दोन्ही हात पट्टीत, मी खाटेवर. मला सगळे भरवायचे. मंदा, माझी माय, बहीण आल्ती ती, शेजारीन. लई मायेनं भरवायचे. पन माझ्या तोंडातला घास संपायच्या आधी दुसरा हजर. पानी पायजे असलं तर भात यायचा. भूक न्हाई म्हनलं तर म्हनायचे, एवढा एकच, माझ्यासाठी. मानसाकडं न्हाई म्हनायला काय राहतं? तोंड मिटायचं आन् मान फिरवायची. दुसरं काय न्हाई." तळवे मांडीवर पालथे घालून म्हणाले, "मंदावर मी एकदा थुकलो ताई. भाताचा घास. तिनं बिचारीनं नुसतं पुसून घेतलं. ते मला आजून आठवतं."

आत्या चमचा धरून तशाच उभ्या होत्या.

"मंग पेढा?" मी विचारलं.

"पेढा कोनी समोर आनला की मला तीच खाट दिसती. आन् वरून टाकलेलंबी मला चालत न्हाई. आपल्या आज्याच्या हातावर लोक वरून टाकायचे, शिवायचं न्हाई म्हनून. ठेवायचं. हाताला हात लागला पायजे. मंग खायचं का न्हाई ते ज्याचं तो बघंल."

आत्यांनी चमचा वाटीत ठेवला. वाटी आत नेली. त्या दिवसापासून कुस्करणं बंद झालं, पुटपुटणं चालू राहिलं.

इथंच सगळं सुरळीत झालं असतं, पण मिस्त्रींच्या त्याच हातांनी घोटाळा केला. एकदा त्यांनी घरून रताळं शिजवून आणलं. सोलून, सोळा एमएमचे तुकडे करून, हातात धरून पाहिलं आणि म्हणाले, "निवलं." त्या तळव्यांना ऊन-गार कळत नाही, हे आमच्या लक्षात नव्हतं आणि त्यांच्याही. रताळं वरून निवलेलं, आत वाफ. तनूनं मुठीत दाबलं आणि किंचाळली. बोटं लाल झाली. लगेच गार पाण्याखाली धरली, फोड वगैरे आला नाही, थोड्या वेळानं ती खेळायलाही लागली. पण आत्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला तो सुटला. "सोताचे हात जाळले, आता लेकराचे जाळता का? फोरमनकी तुमच्या घरी करा." मिस्त्रींनी ताट उचललं. ताडपत्रीची घडी घातली, काखेत मारली आणि गेले. त्यांचं दार दिवसभर लावलेलं राहिलं.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तनूपुढे मी भोपळा ठेवला, भाकरी ठेवली, केळं ठेवलं. ती दाराकडे बघत बसली. तुकडे हातात घेऊन आपटले, खाल्ले नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. माझी रजा आता अगदी संपत आलेली. मी स्वतः ताट घेऊन तिच्यासमोर बसले, दुसरीकडे बघत खाल्लं. ती रांगत उंबऱ्यापाशी गेली आणि समोरच्या बंद दाराकडे बघून ओरडायला लागली. प्रवीण म्हणाला, आपण जाऊन माफी मागू. मी चप्पल घालेपर्यंत आत्याच उठल्या. डोक्यावर पदर घेतला, समोर गेल्या आणि दार वाजवलं. मी इकडून बघत होते.

"मिस्त्री, तुमची पोरगी जेवना."

त्यांनी पुन्हा कडी वाजवली.

"भाकरी केलीय. गरम हाय का गार ते मी बघीन. तुमी नुसतं कापा."

मग दार उघडलं. मिस्त्रींनी दाढी केलेली नव्हती. म्हणाले, "ताई, माझा काय भरोसा न्हाई. मला कळतच न्हाई हातात काय हाय ते."

"मला कळतं. चला, जल्दी. पोरगी उपाशी हाय."

तेव्हापासून त्यांची कामाची वाटणी ठरली. मिस्त्री कापायचे, तुकडा आत्यांच्या मनगटाला लावायचे, आत्या "हं" म्हणायच्या, मग तो तनूपुढे जायचा. आत्या "थांबा" म्हणाल्या की मिस्त्री ताटावर फुंकर घालत बसायचे. सळ्या तपासणारा माणूस आता दुसऱ्याकडून पास करून घेत होता आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट आत्यांनी घाईत "हं" म्हटलं तर म्हणायचे, "नीट बघा ताई, आत मोडून बघा."

मी कामावर रुजू झाले त्या पहिल्या दिवशी माझं कशात लक्ष नव्हतं. उगवलेल्या बियांचे ट्रे समोर आणि मी सारखी मोबाईल बघतेय. घरून एकही फोन आला नाही. संध्याकाळी गाडी लावून धावत आत आले तर तनू ताडपत्रीवर, भुवयांपर्यंत भोपळा. एका बाजूला मिस्त्री जेवण आटोपून सुपारी कातरताहेत, दुसऱ्या बाजूला आत्या चक्क स्वतःचं ताट घेऊन तिच्यासमोर बसून खाताहेत आणि भिंतीकडे बघताहेत.

"खाल्लं का हिनं?" मी विचारलं.

"तिला विचार," आत्या भिंतीकडे बघतच म्हणाल्या.

पुढच्या तपासणीत तनूचं वजन वाढलेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, चमचा घेते का आता? मी म्हटलं, घेते, हातात घेते. नोकरी राहिली. मला बढतीही मिळाली पुढे, तेव्हा मी मिस्त्रींच्या हातावर पेढा ठेवला, तळहाताला बोटं टेकवून. ते म्हणाले, "बराबर ठेवला."

गेल्या हिवाळ्यात मिस्त्रींच्या मुलीनं त्यांना नांदेडला न्यायचं ठरवलं. गुडघे बोलायला लागले होते, एकट्यानं स्वयंपाक होईना. ते नको नको म्हणत होते, पण मुलीच्या घरी नातू झाला होता आणि तो आता सहा महिन्यांचा होत आला होता. हे सांगताना त्यांचा आवाज फार खूश होता. ताडपत्री त्यांनी आधीच बांधून ठेवली होती. आत्या त्यांना बजावत होत्या, "तिथं गरम-गार कोन बघनार? लेकीला सांगून ठेवा. लाज वाटू देऊ नका."

दुपारच्या गाडीनं जायचं होतं. रिक्षा गल्लीत उभी, अख्खी गल्ली जमलेली आणि पेढ्याचे दोन बॉक्स. एव्हाना सगळ्यांना त्यांची रीत कळलेली. एकेक जण पुढे येत होता, तळहातावर पेढ्याचा तुकडा ठेवत होता, मिस्त्री खात होते. भाजीवाल्यानं पेढ्याऐवजी भेंडी दिली, आठ एमएमची. कुणी फोटो काढला नाही.

तनू तेव्हा अडीच वर्षांची. तिच्या हातात मी पेढा दिला. ती पुढे गेली, तर मिस्त्री रिक्षाच्या दांड्याला धरून कसेबसे खाली वाकले, गुडघ्यावर टेकले. आणि त्या माणसानं, ज्यानं अख्ख्या गल्लीसमोर इतकी वर्षं तोंड मिटलं होतं, त्यानं तिच्यापुढे तोंड उघडलं. डोळे मिटून, "आ" करून थांबले. आत्यांनी माझं मनगट धरलं.

तनू त्यांच्या उघड्या तोंडाकडे बघत राहिली. आजोबांचं काहीतरी चुकतंय असा तिचा चेहरा होता. मग तिनं पेढा आधी स्वतःच्या मनगटाला लावला. त्यांचा हात ओढला, बोटं एकेक करून उघडली आणि पेढा त्या गुळगुळीत तळव्यावर ठेवला. नीट बसला ना ते बोटानं दाबून पाहिलं.

मिस्त्रींनी डोळे उघडले. हातावरच्या पेढ्याकडे बघितलं. "बराबर हाय," म्हणाले.

ते पेढा खायला लागले तशी तनू वळली आणि उगाच रिक्षाच्या चाकाकडे बघत उभी राहिली. मग आत्यांनीही मान वळवली. मीही कुठेतरी दुसरीकडे बघितलं.